उंबऱ्यापुढचा डाग

रक्त आणि काँक्रीट यांच्या संबंधांविषयी आपल्या वाङ्मयात पुरेसे लिहिले गेलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. रक्त आणि माती यांच्याविषयी विपुल लिहिले गेले. त्या राशीत मीही माझी ओंजळ टाकलेली आहे. पण मातीवर सांडलेले रक्त माती मुकाट्याने पिऊन टाकते, कवी पुढच्या कवितेकडे वळतो आणि मागे कोणालाही गुडघ्यांवर बसून काही घासावे लागत नाही. काँक्रीट इतके सभ्य नाही. तेही रक्त पिते. पण पिऊन झाल्यावर मिशा पुसत नाही.

सणसरला आमच्या घरापुढे कोबा झाला तो याच मार्चमध्ये. माझी आई तुळसाबाई हयातभर ते अंगण शेणाने सारवत आली होती, त्यामुळे कोब्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा होता. गवंडी म्हणाला, आरशासारखा गुळगुळीत करतो. आई म्हणाली, "आरसा घरात हाय. हितं खरबरीत ठिवा. पावसाचं कुणी आपटलं म्हंजे?" मग त्याने ओल्या काँक्रीटवर खराट्याचे फराटे ओढले. ते अंगण उन्हात असे दिसे, की एखाद्या दुःखी माणसाने कपाळावर आठ्या घालून आकाशाकडे पाहावे. ही उपमा मी आईला ऐकवली. ती म्हणाली, "आठ्या असू दे. पाय घसरत न्हाय."

एप्रिलमध्ये विहाराला रंग देण्याचे काम चालू असल्याने जयंतीनिमित्तचे रक्तदान शिबिर आमच्या अंगणात घ्यायचे ठरले. उद्घाटन फीत कापून नव्हे, तर पहिल्या रक्तदात्याच्या दानाने व्हावे असे ठरले. आणि तो पहिला रक्तदाता मी असावा, हे मी ठरवले. मी बारामतीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. कविता मात्र मी पूर्णवेळ करतो. त्यामुळे खाटेवर पडल्या पडल्या, सुई दंडात असतानाच, एक समयोचित रचना सादर करावी, हे मला इतके स्वाभाविक वाटले, की मी ध्वनिक्षेपकवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते.

रचनेचा आशय असा होता, की हे रक्त माझे नाही, ते या मातीचे आहे, आणि मी ते मातीला परत देत आहे. शेवटची ओळ होती: "घे, माती, तुझे तू घे." कविता वाचून दाखवणाऱ्या कोणालाही विचारा, "घे" हा शब्द हात न पसरता म्हणता येत नाही. मी हात पसरला. सुई निघाली, नळीने हिसका घेतला, खाली वजनकाट्यावर डुलणारी अर्धी भरलेली पिशवी भुईवर पडली, आणि ती सावरायला धावलेल्या रक्तपेढीच्या तरुणाचा बूट बरोबर त्या पिशवीवर पडला. नळीच्या तोंडातून माझ्या रक्ताची एक कमान सुटली. खाटेपासून थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत. मातीने आपले ते आपण घेतले. फक्त मध्ये काँक्रीट होते.

आणि मी? मी त्या क्षणी आत्ममग्न झालो. अडाणी लोक त्याला चक्कर येणे म्हणतात.

मी भानावर आलो तेव्हा कडुलिंबाच्या झाडाखाली होतो. अर्धी आळी मला लिंबू-पाणी पाजत होती, उरलेली मला वारा घालत होती. कोब्याकडे कोणीच पाहत नव्हते. एप्रिलचे ऊन तेवढे पाहत होते, आणि त्याने आपले काम चोख केले. दुपारपर्यंत परातीएवढा एक काळपट डाग आणि त्यातून उंबऱ्याकडे गेलेली एक वळणदार शेपटी, एवढे कोब्यावर कायम झाले. आमचे शेजारी गेणबा आबा, ज्यांनी सारे आयुष्य गुऱ्हाळात गुळव्या म्हणून घालवले, ते काठी टेकत आले आणि वाकून बघून म्हणाले, "मास्तर, हा तर आपला कालवा झाला की वो. ह्ये मोरीपाशी वळण बी आलंय."

एरवी मी त्या डागाला तसाच राहू दिला असता. एखाद्या कवीच्या दारात त्याचे स्वतःचे रक्त असणे यात औचित्याचा भंग नाही. परंतु येत्या रविवारी मेघनाचे वडील आमचे घर पाहायला येणार होते.

मेघना माझ्याच महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि ती कायम आहे. हा फरक तिने मला कधी जाणवू दिलेला नाही. तो तिच्या वडिलांनी जाणवू दिला. झुंबरराव अंथुर्ण्याचे, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माझी माहिती काढताना त्यांनी मेघनाला विचारले होते, "पोरगा काय करतो?" ती म्हणाली, "शिकवतो, आणि कविता करतो." ते म्हणाले, "दुसरं इचारलं न्हाय." माणूस कळायचा तर त्याच्याशी बोलू नये, त्याचे अंगण बघावे, असा त्यांचा सिद्धान्त. याआधीचे एक स्थळ त्यांनी चहा न घेता परत केले होते, कारण त्या घराच्या अंगणातल्या मातीत त्यांना बाटल्यांची टोपणे रुतलेली दिसली. माती उकरून पाहणाऱ्या या गृहस्थाला उंबऱ्यापुढचा कालवा दिसणार नाही, अशी आशा बाळगणे माझ्या कल्पनाशक्तीलाही झेपण्यासारखे नव्हते.

"मग खरं सांगून टाक ना अण्णांना," मेघना फोनवर म्हणाली. "रक्तदान केलंस, खून नाही केलास."

"रक्तदानापर्यंत सांगता येईल. पुढचे कसे सांगू?"

"कुठलं पुढचं?"

"आत्ममग्न झाल्याचे."

"चक्कर आली म्हण की सरळ."

नेमके हेच म्हणता येत नव्हते. झुंबररावांच्या ठाण्यात पूर्वी एका नव्या शिपायाला अपघाताच्या जागी रक्त पाहून भोवळ आली होती. तो शिपाई पुढे शिकून फौजदार झाला, त्याची बदली झाली, त्याला पदक मिळाले. झुंबरराव मात्र आजही त्याचा उल्लेख "पडका" असाच करतात. मेघनाने हा किस्सा मला फार पूर्वी हसत हसत सांगितला होता. आता आम्ही दोघेही हसत नव्हतो. डाग जायला हवा होता, नाहीतर मेघना जाणार होती. प्रश्न इतका स्वच्छ होता, आणि मी तो सोडवीन याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहिली मदत आली ती विजयसिंहांकडून. त्यांचे दूध संकलन केंद्र आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. ते एक धूर ओकणारे पातेले दोघा माणसांकडून उचलवून घेऊनच आले. "सर, डेअरीत एकच नियम. कसलंबी भांडं असू द्या, उकळतं पाणी आन् धुण्याचा सोडा. दुधाचा थर डिंकावानी चिकटतो, त्यो निघतो. रगात तर पातळ हाय."

युक्तिवादात मला खोट दिसली नाही. उकळते पाणी डागावर ओतले गेले. अंगणातून असा काही वास उठला, की विजयसिंहांचे कुत्रे आशेने येऊन बसले. वाफ विरल्यावर डाग दिसला. तो आता काळपट नव्हता. पक्का तपकिरी, आत्मविश्वासाने भरलेला होता. मी मेघनाला अभिमानाने कळवले.

"गरम पाणी? धम्मदीप, अंडं गरम पाण्यात टाकल्यावर काय होतं?"

"शिजते."

"मग?"

मी तिला म्हणालो, की या उदाहरणात एक निष्ठुर सौंदर्य आहे. ती म्हणाली, की रक्ताला थंड पाणी लागते आणि तेही लगेच लागते. 'लगेच' हा शब्द नेहमी उशिराच का येतो, यावर मी तिच्याशी बोलू इच्छित होतो, पण तिचा तास होता.

दुसऱ्या दिवशी मी रसूलभाईंच्या दुकानात गेलो. सिमेंट, रंग, खिळे, नळ आणि सल्ला हे सारे ते एकाच गल्ल्यावरून देतात. दुकानात गिऱ्हाईक बरेच होते. मी नेहमीच्या स्पष्ट आवाजात म्हणालो, "रसूलभाई, काँक्रीटवरचे रक्ताचे डाग काढायला काय आहे?" दुकानात जी शांतता पसरली, तशी मला माझ्या एकाही काव्यवाचनात मिळालेली नाही. एक अनोळखी गृहस्थ हातातले बिजागर ठेवून बाहेर गेला.

"सर, हळू बोला की," रसूलभाई पुढे वाकून म्हणाले. "शिबिरातलं हाय ना ते? मला म्हाईत हाय. पन समद्यांना कुठं म्हाईत हाय? फरशीचं ॲसिड हाय माज्याकडं. द्यायचं माज्या मनात न्हाय. कोबा खाईल ते."

"डाग खाईल का?"

"आदी कोबा खाईल. मग भूक ऱ्हायली तर डागाचं बघंल."

मी ते घेतले. ज्या माणसाने कधी शब्द कापले नाहीत त्याला कापणाऱ्या द्रवाचे भय नसते. ॲसिड पडताच अंगण चरचरले, फसफसले, आणि वरची सिमेंटची साय गेली. डागाभोवती एक लख्ख पांढरे वर्तुळ उमटले, त्यातून खालची खडी दात काढून हसू लागली, आणि मधोमध तो तपकिरी गोल पूर्वीपेक्षा उठून दिसू लागला. "पांढऱ्या बशीत च्या वतल्यागत दिसतंय," आई म्हणाली. आणि आत जाऊन तिने खरोखरच चहा ठेवला, हे मला बोचले.

आता मी धोरण बदलले. डाग जात नसेल, तर त्याला प्रतिष्ठा द्यावी. रक्तपेढी प्रत्येक दात्याला प्रमाणपत्र देते. ते चौकटीत बसवून दारावर लावले, की खालचा डाग आपोआप सत्कारमूर्ती होईल. मी बारामतीला रक्तपेढीत गेलो. तिथल्या लिपिकाने माझे नाव शोधले, चष्मा वर केला आणि म्हणाला, "तुमची पिशवी जमा नाही."

"ती फुटली. तुमच्याच माणसाच्या बुटाखाली."

"असेल. पण जमा नाही, म्हणजे दान नाही. प्रमाणपत्र दानाचं असतं."

"माझ्या अंगातून रक्त गेले आहे."

"गेलं असेल, साहेब. आमच्याकडे आलं नाही."

"मग माझ्या अंगणात जे आहे ते काय आहे?"

तो थोडा विचारात पडला. अशा प्रश्नाची त्याला सवय नसावी. "ते अंगणाचं," तो म्हणाला. माझ्याच कवितेचा आशय एका शासकीय वाटणाऱ्या टेबलामागून मला असा परत मिळाला. शिबिरात प्रत्येक दात्याला एक स्टीलचा डबाही मिळाला होता. तोही मला नियमाने देता येत नव्हता. मी मागितला नव्हता. त्याने आपणहून सांगितले.

येताना मेघनाने सांगितलेले पेरॉक्साइड आणले. एवढ्याशा जखमेपुरत्या बाटल्या केमिस्टने माझ्यापुढे मांडल्या, तेव्हा मी म्हणालो, "आणखी." त्याने विचारले, "जखम केवढी आहे?" मी म्हणालो, "खाटेपासून उंबऱ्यापर्यंत." त्याने निमूटपणे सगळ्या बाटल्या दिल्या आणि सुट्ट्या पैशांसाठी घासाघीस केली नाही.

पेरॉक्साइडने निदान देखावा छान केला. डागाला फेस आला, पांढराशुभ्र, उसळता. आळीतली माणसे दारात जमली, विजयसिंहांनी दुधाच्या फेसाशी तुलना करून हा फेस सरस ठरवला. शेपटी पुष्कळ पुसट झाली. परंतु जो मधला भाग डेअरीच्या नियमाने शिजला होता, तो ढिम्म राहिला. आता कोब्यावर तीन वर्तुळे होती: बाहेर फेस वाळून उरलेले पिवळे, मग ॲसिडचे पांढरे आणि मध्ये तपकिरी. नेमबाजीचे निशाण असते तसे. जी नजर एरवी दुसरीकडे गेली असती, तीही आता वर्तुळांवरून घसरत बरोबर मध्यावर येत होती.

शनिवारी संध्याकाळी गेणबा आबा काखेत रानभेंडीचा भारा घेऊन आले. इतके दिवस ते बाकीच्यांचे प्रयोग ओट्यावर बसून पाहत होते, आणि त्यांच्या गप्प राहण्यात एका कलावंताची उपेक्षा मला जाणवत होती.

"मास्तर, झालं का समद्यांचं?" ते म्हणाले. "आता माजं ऐका. काहिलीत रस उकळतो, काळा ढुस्स असतो. त्यात काय घालतो आमी? भेंडीचं पानी. भेंडी मळीला धरती, मळी वर येती, झाऱ्यानं काडली की खाली रस निस्ता सोन्यावानी. रसातली मळी निघती, मग कोब्यातली का निघू न्हाय?"

खरे सांगतो, त्या आठवड्यात मी ऐकलेला हा सर्वांत काव्यात्म विचार होता. काँक्रीटच्या काळोखातून मळ स्वतःहून वर येतो, हळुवार, कोणी न खरवडता! आम्ही भेंडीची खोडे ठेचली, पाण्यात चोळली, आणि जो बुळबुळीत, ताणला तर हातभर तार धरणारा चीक निघाला तो अंगणभर थापला. वाळू नये म्हणून वर ओली गोणपाटे अंथरली. "सकाळी मळी वर आली आसंल," आबा म्हणाले. "झाडून काढायची, बास."

आई दारातून म्हणाली, "आरं, मी खरबरीत करून घेतलाय ना तो कोबा?" कोणी लक्ष दिले नाही.

झुंबरराव मेघनाबरोबर दुपारी येणार होते. ते सकाळच्या पहिल्या एसटीने एकटेच आले. हीदेखील त्यांची पद्धत होती. आगाऊ कळवलेले घर हे घर नसून नाटकाचा पडदा असतो, असे ते मानत. आम्ही त्या वेळी गोणपाटांभोवती उभे होतो: आई, रसूलभाई, विजयसिंह, गेणबा आबा आणि मी. म्हणजे, तिऱ्हाइताने पाहिले तर, पाच माणसे अंगणात काहीतरी झाकून चेहरे पाडून उभी होती.

झुंबररावांनी नमस्कार केला नाही. ते सरळ आले, खाली बसले, आणि गोणपाटाचा एक कोपरा दोन बोटांनी अशा रीतीने उचलला, की त्यांनी आयुष्यात असे किती कोपरे उचलले असतील याची मला कल्पना आली.

"हितं काय झालंतं?"

मी तोंड उघडण्यापूर्वी माझ्या प्रेमापोटी चार माणसे एकदम बोलली.

"बीट सांडलं," आई.

"रेड ऑक्साइड हाय, साहेब. गेटाला लावायचं, माज्याच दुकानातलं," रसूलभाई.

"ट्रॅक्टरचं आईल," विजयसिंह.

"गाय व्याली," गेणबा आबा.

झुंबररावांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच आल्यासारखे एक समाधान उमटले. त्यांनी लिंबाखाली खुर्ची मागवली, एकेकाचे नाव विचारून घेतले, आईने दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "घाई न्हाय. एकेकानं बोला. आक्का, बीट किती हुतं?"

"हुतं की... पावशेर."

"पावशेर बिटात येवढं अंगान रंगलं? बरं. रसूलभाई, तुमी सांगा, ह्या घराला गेट कुठंय?"

रसूलभाईंनी इकडेतिकडे पाहिले. आमच्या घराला गेट नाही. "बसवायचं हाय, साहेब. आदी रंग आनला."

"आन् विजयसिंह, आईल तांबडं कवापास्नं झालं?"

"नवीन कंपनीचं हाय," विजयसिंह म्हणाले आणि डेअरीची वेळ झाल्याचे त्यांना आठवले; पण जाण्याची परवानगी मिळाली नाही.

"आता गाय. कुठंय गाय?"

"इकली," गेणबा आबा न डगमगता म्हणाले.

"आन् वासरू?"

"ते बी इकलं."

"काल व्याली आन् आज इकली?"

"भाव चांगला आला, साहेब."

माझ्यासाठी चार सज्जन माणसे आपापल्या वयाची अब्रू पणाला लावत होती, आणि मी खांबाला टेकून प्रतिमा शोधत होतो. हे मला सहन झाले नाही. मी पुढे झालो.

"साहेब, हे रक्त आहे. माझे आहे."

"कुनी मारलं?"

"कोणी नाही. मी दिले."

"कुनाला?"

"रक्तपेढीला."

"मग हितं कसं?"

"ते तिथवर पोहोचले नाही." आणि मग मी सगळे सांगितले: कविता, हात, बूट, कमान, अंडे, ॲसिड, लिपिक. काहीही गाळले नाही. शेवटी तो शब्द आला, जो मी इतके दिवस टाळला होता. "मग मला चक्कर आली."

"पडला?"

"आधीच खाटेवर होतो."

"आपलंच रगात बघून?"

"हो."

झुंबररावांनी कप खाली ठेवला. खांद्यावरचा टॉवेल नीट केला. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते फक्त कंटाळल्यासारखे दिसले. "पडका," ते स्वतःशीच म्हणाले. "आक्का, च्या झ्याक हुता. पोरगं खरं बोलतं, ते बी बरं हाय. पन माजी पोरगी मी पडक्याच्या घरात द्यायची न्हाय. येतो."

आणि ते उठून निघाले. अंगणाच्या कडेने फरशीची पायवाट आहे. साधा माणूस तिकडून गेला असता. पण पोलीस खात्यात आडवाट घ्यायची सवय नसते. ते गोणपाटांवरूनच सरळ चालले, आणि गेणबा आबांच्या रात्रभर मुरलेल्या भेंडीने त्यांचा पाय अलगद वर उचलला. माझ्या आईने मागून घेतलेला खरखरीतपणा त्या चिकाखाली नावालाही उरला नव्हता. पण घसरत घसरत ते जिथे थांबले तिथे तो होता, आणि तिथे त्यांचे कोपर होते.

आम्ही धावलो. ते उठून बसले होते. इजा किरकोळ होती, कातडे सोलले होते इतकेच. झुंबररावांनी कोपर वळवून पाहिले. एक लाल थेंब घरंगळत मनगटाकडे आला.

"ह्ये..." ते हळू आवाजात म्हणाले, "ह्ये माजं हाय?"

आणि ते माझ्या हातांत कोसळले.

इथे मला स्वतःविषयी एक शोध लागला: दुसऱ्याचे रक्त मी अत्यंत धीराने पाहू शकतो. मी त्यांचे डोके मांडीवर घेतले, जखम बांधली, आवाज न चढवता सूचना दिल्या. झुंबररावांचेही नेमके तेच होते. सबंध नोकरीभर त्यांनी लोकांचे रक्त पाहिले, पंचनाम्यात लिहिले, त्यावर शेरे मारले. स्वतःचे पाहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, एवढेच. आम्ही त्यांना त्याच लिंबाखाली निजवले, त्याच तांब्यातून लिंबू-पाणी पाजले.

थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. "कुनी बघितलं?"

"कोणी नाही," आम्ही पाचही जण म्हणालो.

"ऊन लय हाय," ते म्हणाले. सकाळचे कोवळे ऊन होते. कोणी वाद घातला नाही. मग ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्या नजरेत प्रथमच मला एक विनंती दिसली. मी त्यांच्या कानाशी वाकलो.

"साहेब," मी म्हणालो, "याला आत्ममग्नता म्हणतात."

"काय म्हंत्यात?"

"आत्ममग्नता."

त्यांनी तो शब्द ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला. "ह्ये बरं हाय," ते म्हणाले. माझ्या शब्दसंग्रहाचा समाजाला थेट उपयोग झाल्याचे हे पहिले उदाहरण.

एवढ्यात स्कूटीचा आवाज आला. वडील न सांगता निघून गेल्याचे कळताच मेघना त्यांच्या मागावर निघाली होती. ती अंगणाच्या कडेला थांबली. तिने निशाणासारखी वर्तुळे पाहिली, उलटीपालटी गोणपाटे पाहिली, चिकाने माखलेले वडिलांचे धोतर पाहिले, आणि त्यांच्या कोपराला बांधलेला माझा रुमाल पाहिला. डागाची कथा तिला ठाऊक होती. रुमालाची नव्हती.

"अण्णा, काय झालं इथं?"

झुंबररावांनी आमच्यावरून एक नजर फिरवली. आईवरून, रसूलभाईंवरून, विजयसिंहांवरून. ती गेणबा आबांवर येऊन थांबली.

"गाय व्याली," झुंबरराव म्हणाले.

गेणबा आबांनी काठी आपटली. "म्या काय सांगत हुतो मगापास्नं!"

"आणि कोपराला?"

"वासरानं लाथ मारली."

"कुठंय वासरू?"

झुंबररावांना पुढचा रस्ता दिसत होता. त्यांनीच तो आखला होता. "इकलं," ते म्हणाले.

"आज जन्मलं आणि आजच विकलं?"

"भाव चांगला आला," झुंबरराव म्हणाले. आणि ती पुढचा प्रश्न विचारणार हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसताच घाईघाईने आईकडे वळले. "ते ऱ्हाऊ दे! आक्का, तारीख कवाची धरायची, ते बोला आदी."

मेघनाने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. ती रसायनशास्त्राची असली, तरी काही पदार्थ ढवळू नयेत हे तिला कळते.

झुंबररावांच्या कोपराचे जे दोन थेंब कोब्यावर पडले होते, ते आईने त्याच वेळी गार पाण्याचा तांब्या ओतून बोटाने पुसले. मागे काही उरले नाही. माझा डाग अजून आहे. लग्नाचा मांडव त्याच्यावरच पडला, आणि पांढऱ्या बैठकीखाली तो गप्प राहिला. एरवी आल्यागेल्याने विचारले, तर गेणबा आबा ओट्यावरून सगळी हकिकत सांगतात. गाय काळी कपिला होती, असे म्हणतात. फक्त झुंबरराव मुक्कामाला असले, की ते त्यांना मध्येच थांबवतात आणि ठणकावून सांगतात, की कपिला नव्हे, खिलार होती. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.